मदत हवी आहे: रामराजांच्या अटकेची पत्रं, तारखा आणि आवया

नमस्कार मंडळी. ताराबाईंनी रामराजांना (शाहू महाराजांनंतरचे छत्रपती) अजिंक्यताऱ्यावर अटकेत टाकलं, त्या सुमाराची छापील पत्रं क्रमाने लावतोय. साताऱ्याच्या दरबारात कोण काय कुजबुजत होतं, ते दिवसवार मांडायचंय. दोन ठिकाणी अडलंय. अटक चंपाषष्ठीच्या उत्सवातली. पुस्तकांत २४ नोव्हेंबर १७५०, तिथीवरून तारीख काढणारा कन्व्हर्टर मात्र ५ डिसेंबर दाखवतो. दुसरं, 'रामराजा तोतया' ही कुजबूज कुठून निघाली ते कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
दोन्ही तारखा बरोबर. जुन्या संपादकांनी इंग्रजांची जुनी कालगणना धरली, कन्व्हर्टर नवी धरतो. फरक ११ दिवसांचा. इंग्रजांनी सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ धरली, तिथून पुढे हा घोळ नाही. तक्त्यात एकच पद्धत ठेवा, नाहीतर उत्तर आधी आणि मूळ पत्र नंतर असं दिसेल.

पत्रातलं 'सु॥ इहिदे खमसैन मया व अलफ' म्हणजे सुहूर सन ११५१. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. खरी गोची वेगळीच: वर्ष सौर, महिने मात्र मोहरम-सफर असे चांद्र. त्यामुळे वर्षाच्या दोन टोकांना तोच महिना, तोच 'छ' (चांद्र तारीख) दोनदा येऊ शकतो. तिथे मजकुरातला सण, वार, पाऊसपाणी यावरून ठरवा.

प्रतिसाद २
प्रत्येक पत्राला रकाने करा: लिहिणारा, तो कुठे होता, कोणाच्या पदरी होता, लिहिल्याची तारीख, पैवस्ती (पत्र पोचल्याची तारीख). आणि सगळ्यात मोलाचा रकाना, त्याने पाहिलं की ऐकलं? 'आवई', 'लोक बोलतात' हे शब्द जसेच्या तसे उतरवा. तीन पत्रांत तेच वाक्य दिसलं तर साक्षीदार तीन धरू नका, एकाच बातमीच्या नकला असू शकतात.

तोतयाच्या कुजबुजीचे दोन प्रवाह वेगळे काढा. शाहू महाराजांच्या राणी सकवारबाईंचा रामराजांना विरोध महाराज हयात असतानाचा, म्हणजे १५ डिसेंबर १७४९ च्या आधीचा. ताराबाईंनी मात्र स्वतःच नातू म्हणून पुढे आणलेल्याला अटकेनंतर नाकारलं, सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीत शपथेवर. अटकेनंतरच्या पत्रातला 'तोतया' हा बहुधा गडावरून आलेला शब्द. त्यावरून रामराजा खरा की खोटा हे ठरत नाही, गडावरून काय पसरवलं जात होतं ते कळतं. अटकेआधीचं पत्र सापडलं तर ते जपून वाचा.

'आईसाहेब' दिसलं की लगेच ताराबाई लिहू नका, लिहिणाऱ्याची आईही असू शकते. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भरवसा नाही; नावावर शंका आली तर मूळ पानाचा फोटो पाहा.

धागाकर्ता
आभार. पैवस्तीचा शेराच नसेल तर?

प्रतिसाद २
रकाना रिकामा ठेवा. जासुदाचे दिवस अंदाजाने मोजून भरू नका, पुढे तोच अंदाज खरी तारीख म्हणून वाचला जातो.