स्कायरिम: चिलखत चढवलं की धडच गायब

प्रश्न
स्कायरिम गेमच्या स्पेशल एडिशनसाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पहिलंच चिलखत बनवलंय. निफस्कोपमध्ये (गेमच्या मॉडेल फाइली उघडायचं साधन) झक्कास दिसतं, जमिनीवर टाकलं तरी दिसतं. अंगावर चढवलं की मात्र मुंडकं, पंजे आणि पावलं तेवढी हवेत तरंगतात. जांभळं दिसलं असतं तर टेक्सचरचा, म्हणजे मॉडेलवर चढणाऱ्या चित्राचा, पाथ चुकलाय हे कळलं असतं. इथे काहीच नाही! दोन रात्री गेल्या.

उत्तर
जमिनीवरचं मॉडेल वेगळं असतं, त्यावर जाऊ नकोस. अंगावरचं येतं आर्मर ॲडऑन रेकॉर्डमधून, म्हणजे कोणत्या पात्रावर कोणतं मॉडेल दाखवायचं ते सांगणाऱ्या नोंदीतून. तिथे तुझ्या पात्राची रेस, म्हणजे वंश, आहे ना? असेल तर निफस्कोपमध्ये मेशचं (थ्रीडी आकाराचं) पार्टिशन, म्हणजे तो शरीराचा कोणता भाग हे सांगणारा आकडा, बघ. रेकॉर्डमध्ये स्लॉट ३२, म्हणजे बॉडी, आणि मेशमध्ये दुसराच आकडा असला की गेम तो भाग दाखवतच नाही.

प्रश्नकर्ता
रेस बरोबर होती. पार्टिशन ३० निघालं! डोक्याचं. शिरस्त्राणाची फाइल उघडून त्यावरच काम सुरू केलं होतं, तिथेच माती खाल्ली. आता दिसतंय, पण वेट स्लायडर (पात्राची जाडी ठरवणारी पट्टी) मध्यावर आणला की खांद्यातून भाले फुटतात. दोन्ही टोकांना ठीक.

दुसरं उत्तर
_० (सडपातळ) आणि _१ (जाड) या दोन फाइलींमधले व्हर्टेक्स, म्हणजे मेशचे बिंदू, जुळत नसणार. संख्याही तीच हवी आणि क्रमही तोच. मधला आकार गेम त्या दोन्हींवरून काढतो. एकीची कॉपी करून व्हर्टेक्स फक्त सरकव. काही पुसायचं नाही, जोडायचं नाही.

प्रश्नकर्ता
_१ मध्ये 'साफसफाई' म्हणून दुहेरी व्हर्टेक्स मर्ज केले होते. नसती हौस. _० वरून नव्याने केलं, भाले गेले.