मोठ्या स्क्रीनवर जास्त दिसतं की नुसतं मोठं दिसतं? फोन घेण्याआधी सल्ला हवा

वडगावचा मागवाला:
नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला आमचे चार पॉवरलूम आहेत, साड्या विणतो. मजुरीचा हिशेब पूर्वी वहीत असायचा, आता मोबाईलवर शीटमध्ये ठेवतो. रकाने सहा: नाव, बीम नंबर (बीम म्हणजे मागावरचा ताण्याचा रूळ), नग, मजुरी, उचल, शिल्लक. फोन उभा धरला की पहिले चारच दिसतात. उचल आणि शिल्लक बघायला शीट डावीकडं ओढावी लागते, आणि विणकराला दाखवायचं असतंय नेमकं तेच. ओढली की नावाचा रकाना गायब. शनिवारी पगाराच्या वेळी एकाची उचल मी दुसऱ्याच्या नावावर वाचली. हिशेब नंतर जुळला, पण माणसाचं तोंड उतरलं ते उतरलंच. ते मला फार लागलं.

चिमटीनं शीट बारीक केली तर सहाही रकाने येतात, पण मग १ आणि ९ यातला फरक कळत नाही. दुकानदार म्हणतोय मोठा फोन घ्या, जास्त मावतंय. पण धाकट्या भावाचा ६.७ इंची आहे, माझा ६.५. दोन्ही शेजारी ठेवून तीच शीट उघडली, तर त्याच्यातही चारच रकाने! अक्षरं तेवढी जरा मोठी. त्याचा फोन १०८० पिक्सेलचा, माझा ७२० चा, तरीही. मग मोठा घेऊन उपयोग काय? बजेट वीस हजार. जाणकारांनी सांगा की.

निपाणीकर:
दादा, माझाबी हाच अनुभव. जुन्या ५.५ इंचीवरनं ६.५ वर आलो. लांबीला चार-दोन ओळी जास्त दिसतात, रुंदीला काहीच फरक नाही. कारण काय ते मलाबी जाणून घ्यायचंय.

अनगोळकर:
मागवाले दादा, मी अॅपच्या स्क्रीन तपासायचं काम करतो, त्यामुळं हा विषय रोजचाच आहे. जरा सविस्तर सांगतो, घाईत पैसे घालवू नका.

पहिली गोष्ट इंचांची. फोनचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजतात. पूर्वीचे फोन १६:९ प्रमाणाचे असायचे, आताचे २०:९ चे, म्हणजे उंच आणि सडपातळ. हिशेब करून बघा. निपाणीकरांच्या जुन्या ५.५ इंची १६:९ फोनची रुंदी साधारण ६८.५ मिलिमीटर भरते. ६.५ इंची २०:९ ची भरते ६७.८. आकडा एका इंचानं वाढला आणि रुंदी कणभर कमीच झाली! वाढ गेली ती सगळी लांबीत, म्हणून ओळी वाढल्या आणि रकाने वाढले नाहीत. तुमच्या भावाचा ६.७ इंची म्हणजे ६९.८ मिलिमीटर. तुमच्या फोनपेक्षा दोनच मिलिमीटर जास्त.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अँड्रॉइडमध्ये बटणं, अक्षरं, ओळींची उंची यांची मापं पिक्सेलमध्ये नसतात, डीपी नावाच्या मापात असतात. घनता म्हणजे एका इंचात किती पिक्सेल, किती ठिपके, धरायचे तो आकडा. घनता १६० धरली तर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल, ३२० धरली तर २, ४८० धरली तर ३. ही घनता कंपनी ठरवून देते. तुमचा फोन ७२० पिक्सेल रुंद, घनता ३२० असेल, तर रुंदी झाली ३६० डीपी. भावाचा १०८०, घनता ४८० असेल, तर तीही ३६० डीपीच. अॅपला दोन्ही फोन सारखेच वाटतात, म्हणून ते मांडणीही तीच करतं. जास्तीच्या पिक्सेलमुळं अक्षराची कड रेखीव होते, रफार आणि अनुस्वार स्वच्छ दिसतात, पण मजकूर एका अक्षरानंही वाढत नाही.

तुमच्या धंद्यातलं सांगतो. ताण्याचे धागे तेवढेच ठेवले आणि फणी विरळ घेतली तर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, वाढतो, पण धागा एकही वाढत नाही. तुमच्या भावाच्या फोनचं तेच झालंय.

पण सगळेच फोन ३६० चे नसतात. त्याच १०८० पिक्सेलला कुणी घनता ४४० ठेवतं, मग ३९३ डीपी मिळतात. कुणी ४२० ठेवतं, मग ४११. अशा फोनवर खरोखर जास्त मावतं. हा आकडा दुकानातल्या पाटीवर लिहिलेला नसतो आणि विकणाऱ्याला बहुतेक ठाऊक नसतो.

आता आनंदाची बातमी. हा आकडा तुमच्या आत्ताच्या फोनमध्येही बदलता येतो. सेटिंगमध्ये डिस्प्लेखाली ‘डिस्प्ले साईझ’ बघा, काही फोनांत त्याला ‘स्क्रीन झूम’ म्हणतात. अँड्रॉइड ७ पासून ही सोय आहे. ती पट्टी एक घर डावीकडं, लहानकडं सरकवा. साध्या अँड्रॉइडमध्ये लहान म्हणजे ०.८५ पट, त्या हिशेबानं तुमचे ३६० चे साधारण ४२३ डीपी होतील. शेजारी ‘फॉन्ट साईझ’ असते, तिला आधी हात लावू नका. ती फक्त अक्षरं बदलते.

वडगावचा मागवाला:
आत्ताच मागाजवळ बसून केलं. व्हॉट्सअॅपच्या यादीत आधी सात नावं दिसत होती, आता नऊ दिसायलेत! शीटमध्ये मात्र पाचवा रकाना पूर्ण आणि सहावा अर्धा. अर्ध्या शिल्लकेनं भागत नाही. आणि बटणं लहान झाली, माझी बोटं जाड आहेत. आणखी बारीक करू काय?

अनगोळकर:
नको. गूगल अॅपवाल्यांना सांगतं की बोटानं दाबायची जागा निदान ४८ डीपी ठेवा. तुमच्या आधीच्या मांडणीत ४८ डीपी म्हणजे ९ मिलिमीटर होते, आता ७.७ झालेत. याच्या खाली गेलात तर चुकीचं बटण दाबलं जाईल, आणि पैशाच्या अॅपमध्ये ते परवडणारं नाही. डेव्हलपर ऑप्शनमध्ये ‘स्मॉलेस्ट विड्थ’ म्हणून जागा असते, तिथं हवा तो आकडा टाकता येतो. पण ते ऑप्शन चालू असले की बँकेची काही अॅप उघडत नाहीत, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

त्यापेक्षा शीट सुधारा. बीम नंबर आणि नग हे दोन-तीन अंकी आकडे, त्यांना एवढा रुंद रकाना कशाला? दोन्ही अरुंद करा. नावाचा रकाना गोठवा, म्हणजे फ्रीझ करा. मग शीट कितीही ओढली तरी नाव जागचं हलणार नाही. शनिवारची चूक रकाने कमी दिसल्यामुळं नाही, नाव नजरेआड गेल्यामुळं झाली.

कॅम्पातली मास्तरीण:
आयफोनचं थोडं वेगळं आहे म्हणून लिहिते. तिथं डीपीसारखंच पॉइंट नावाचं माप असतं. आयफोन १३ ची मांडणी ३९० बाय ८४४ पॉइंटची, १३ प्रो मॅक्सची ४२८ बाय ९२६. दोन्हींची पिक्सेल घनता जवळजवळ सारखी, ४६० च्या आसपास. म्हणजे मोठ्यावर बटण तेवढंच राहतं आणि मजकूर खरोखर वाढतो. ‘डिस्प्ले झूम’मध्ये मोठी अक्षरं निवडली की मग उलटं होतं, सगळं नुसतं मोठं दिसतं. बजेटमध्ये बसणारं नाही, ठाऊक आहे, फक्त ‘मोठा घेतला तर काहीच वाढत नाही’ असं सरसकट म्हणू नये.

खानापूरची लेक:
मला दुसरी बाजू मांडायची आहे. सगळ्यांना जास्त नको असतं, कित्येकांना मोठंच हवं असतं. आमच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी त्या फोनवर हरिपाठ वाचतात. जुन्या फोनवर अक्षरं मोठी केली की एका ओळीत दोनच शब्द बसायचे आणि चरण तुटायचा. चरण तुटला की त्या थांबायच्या, पुन्हा पहिल्यापासून म्हणायच्या. बघवत नव्हतं. ६.७ इंची घेतला. वर सांगितलेले दोनच मिलिमीटर असतील, पण अक्षर थोडं मोठं राहून चरण एका ओळीत बसला. त्यांच्यासाठी तीच मोठी गोष्ट.

एक मात्र बघून घ्या. आमच्या मुलानं त्या फोनची भाषा कन्नड ठेवली होती. कन्नड शब्द लांब, त्यात अक्षरं मोठी, त्यामुळं बटणावरचे शब्द अर्धे कापले जात होते. ‘डिस्प्ले साईझ’ मधल्या घरावर आणली आणि फक्त ‘फॉन्ट साईझ’ वाढवली तेव्हा जमलं. दुकानातच अक्षरं मोठी करून, घरच्या माणसाच्या हातात देऊन बघा.

निपाणीकर:
अक्का, बरं सांगितलात. आता माझं एक. ‘भूमी’ या कर्नाटकाच्या जमीन-नोंदींच्या साईटवरनं काढलेली पहाणी (सातबाऱ्यासारखा उतारा), ग्रामपंचायतीचं पत्र, असलं पीडीएफ वाचायला यातला कुठला उपाय लागू पडतो? आमच्या वडिलांचं सगळं त्यावरच असतंय.

अनगोळकर:
एकही नाही. पीडीएफ म्हणजे कागदाचा ठसा, तो डीपी मानत नाही. ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद, तुमचा पडदा पावणेसात. सगळा कागद एक-तृतीयांश होतो. फोन आडवा धरलात तर पडदा १५ सेंटीमीटर रुंद मिळतो, अक्षर दुपटीहून मोठं होतं. तोवर वाचता येतं. रोजच वाचायचं असेल तर वडिलांना १० इंची टॅब घ्या. १६:१० प्रमाणाचा टॅब आडवा धरला की रुंदी साधारण २१.५ सेंटीमीटर भरते, म्हणजे उभ्या ए-फोर कागदाची रुंदी जशीच्या तशी. पहाणीचा तक्ता आडवा असतो, तो थोडा बारीक होईल, पण चष्मा लावून वाचता येईल. कागदपत्रांसाठी ६.५ आणि ६.७ यांत निवड करत बसणं मला तरी व्यर्थ वाटतं.

वडगावचा मागवाला:
रविवारी सकाळी लिहायलोय. काल पगार झाला. बीम आणि नगाचे रकाने अरुंद केले, नाव गोठवलं, डिस्प्ले एक घर लहान. सहाही रकाने एका नजरेत बसले. फोन टेबलावर ठेवला आणि प्रत्येकानं आपापलं नाव शोधून, बोट आडवं नेत शिल्लक स्वतः वाचली. ज्याची उचल मी चुकीची वाचली होती त्यानंही वाचली, मान हलवली आणि पैसे मोजून घेतले.

आमच्याकडं कांड्या भरणाऱ्या मावशी आहेत, साठीच्या पुढच्या. त्यांना ते बारीक दिसेना. त्यांच्यासाठी फोन आडवा धरला आणि चिमटीनं त्यांची एकच ओळ मोठी केली.

फोन आता घेत नाही. अनगोळकर, अक्का, मास्तरीणबाई, मनापासून आभार. निपाणीकर, टॅब घेतलात तर किंमत इथंच कळवा, आमच्या आबांच्या उताऱ्यांसाठी मलाही बघायचाय.