पावसाच्या खंडातही एनडीव्हीआय हिरवाच कसा?

बालाघाटी:
केज तालुक्यातील सोयाबीनवर लक्ष ठेवण्यासाठी आम्ही सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांवरून एनडीव्हीआय, म्हणजे पिकाचा हिरवेपणा दाखवणारा निर्देशांक, काढतो. ऑगस्टमध्ये पावसाने खंड दिला, मुरमाड रानातील पीक दुपारी माना टाकू लागले, तरी नकाशा हिरवागार होता. निर्देशांक घसरला तो फुलगळ झाल्यावर. मग पूर्वसूचना म्हणून याचा उपयोग काय, आणि ०.४ च्या खाली ताण असा सरसकट उंबरठा धरावा काय?

शिवारनकाशा:
एनडीव्हीआय लाल आणि निकट अवरक्त प्रकाशावरून हरितद्रव्य व पानोळा जोखतो, पानातील पाणी नव्हे. पाणी कमी पडले की पर्णरंध्रे आधी मिटतात, हिरवेपणा सावकाश जातो. त्यातच सोयाबीनने ओळी झाकल्यावर हा निर्देशांक जवळजवळ वाढेनासा होतो आणि लहानसहान फरक त्यात दिसत नाहीत. म्हणून लघुतरंग अवरक्त पट्ट्यावर आधारलेला, पानातील ओलाव्याला प्रतिसाद देणारा एनडीडब्ल्यूआय सोबत पाहावा. मात्र हा पट्टा २० मीटरचा असल्याने बांधालगतचे पिक्सेल वगळावेत.

०.४ चा उंबरठा सोडून द्यावा. पेरणी पंधरवडाभर लांबली तरी आकडा तितकाच खाली दिसतो. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेतही व्हीसीआय आहे, म्हणजे त्याच काळातील मागील वर्षांच्या किमान आणि कमाल मूल्यांच्या दरम्यान यंदाचे मूल्य कुठे बसते, हे त्यात पाहिले जाते. सेंटिनेल-२ चा इतिहास २०१५ पासूनचाच असल्याने तालुक्याच्या पातळीवर मोडिस या उपग्रहावरील संवेदकाची २००० पासूनची, २५० मीटरची मालिका अधिक भरवशाची ठरते. दोन्हींचे आकडे मात्र एकत्र मिसळू नयेत.

कोरडवाहू:
ढग टाळण्यासाठी आपण पंधरवड्यातील कमाल मूल्य घेत असाल, तर घसरण तिथेच झाकली जाते, कारण खंडापूर्वीचा हिरवा दिवसच त्यात निवडला जातो. खंडात आकाश बऱ्याचदा निरभ्र असते. तेव्हा सुटी प्रतिमाच पाहावी. उसाचे क्षेत्रही आधी वेगळे काढावे, अन्यथा तालुक्याची सरासरी फसवी येते.

बालाघाटी:
कमाल मूल्यच घेत होतो. ऊस वेगळा कसा काढावा?

कोरडवाहू:
एप्रिल-मेच्या प्रतिमेत हिरवे दिसणारे क्षेत्र बहुधा ऊस किंवा फळबाग असते; ते वगळावे. विहिरीवरचा उन्हाळी भुईमूगही त्यात सापडतो, पण तो जूनपर्यंत निघून जात असल्याने पेरणीच्या सुमारास तिथे उघडी जमीन दिसते.