आयर्लंडच्या किनाऱ्याने, शिडाच्या बोटीतून – तुमचेही अनुभव सांगा

सागरवेल: सकाळी भाकऱ्या थापताना रेडिओवर समुद्राचं हवामान लागलं. रोशेस पॉइंट, मिझन हेड, व्हॅलेंशिया... मिझन हेड ऐकलं आणि आमची किन्सेल ते बाल्टिमोर सफर आठवली. आम्ही दोघं, मुलं आणि हर्णैहून आलेले सासरे, अण्णा. बोट भाड्याची, कप्तान तिथलाच.

ओल्ड हेडच्या भूशिराला वळसा घालताना (इथल्याच समुद्रात १९१५ मध्ये लुसिटानिया जहाज बुडालं) वारा फिरला. शिडाखालचा आडवा दांडा सपकन या बाजूचा त्या बाजूला गेला. कप्तान ओरडायच्या आत अण्णांनी धाकटीचं डोकं खाली दाबलं होतं! मग कप्तानाने सुकाणूच त्यांच्या हाती दिलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. हाताने वारा दाखवायचा की झालं. अण्णांचा चेहरा इतका खुललेला मी लग्नातही पाहिला नव्हता.

पुढे फास्टनेट. भर समुद्रात नुसता खडक आणि त्यावर १९०४ चं दीपगृह. ग्रॅनाइटचे चिरे खाचा पाडून एकमेकांत अडकवलेत, म्हणून लाटा झेलत उभं आहे. अमेरिकेला निघालेल्यांना आयर्लंडचं शेवटचं दर्शन याच खडकाचं व्हायचं. त्याला 'आयर्लंडचा अश्रू' म्हणतात.

लिहा तुम्हीही.

आलेपाक: बोट लागली का कुणाला? आमच्या अहोंना कोव्ह बंदर सोडताच लागली. आलं चघळत क्षितिजाकडे बघत बसले, तासाभरात बरे. केबिनमध्ये अजिबात जायचं नाही.

मनवाची_आई: लहान मुलांना नेता येतं का?

सागरवेल: हो गं. १६ च्या खालच्यांना बोट चालू असताना डेकवर लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. मांड्यांमधला पट्टा आवळ, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं.

कॉर्ककर: डनमॅनस उपसागरात शिरलात तर अहाकिस्टा गावाला नांगर टाकाच. २३ जून १९८५, आपलं एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बस्फोटाने आयर्लंडजवळच्या समुद्रात कोसळलं. ३२९ माणसं गेली. किनाऱ्यावर स्मारक आहे, सूर्यघड्याळ आणि नावं. आडनावं वाचताना घरंच्या घरं गेलेली कळतात. तिथल्या लोकांनी तेव्हा नातेवाइकांना घरच्यासारखं सांभाळलं, अजून दर २३ जूनला जमतात. आम्ही मुलांना मुद्दाम नेलं.

पारिजात: माझ्या आत्याचे टोरांटोचे शेजारी होते त्यात. आत्या अजून त्यांचा विषय काढत नाही. 🙏

आलेपाक: 🙏

मालवणी_मसाला: केप क्लिअर बेटाच्या अलीकडे लेकीने दोरीला पिसं लावलेले गळ सोडले आणि एकदम चार बांगडे!! तिथेच साफ केले, हळद-तिखट-मीठ. बोटीतली शेगडी पाळण्यासारखी टांगलेली, बोट कितीही कलली तरी तवा सरळ. इतका ताजा बांगडा मालवण सोडल्यावर पहिल्यांदाच खाल्ला. कोकम नव्हतं, लिंबू पिळलं.

मनवाची_आई: अगं कोकम मिळतं की तिकडे?

मालवणी_मसाला: आमच्या गावात नाही ना. डब्लिनला कुणी गेलं तर मागवते.

पारिजात: मी ऑगस्टमध्ये येतेय पुण्याहून. आगळ आणू की आमसुलं?

मालवणी_मसाला: आमसुलं! आगळ बॅगेत सांडतं. आणि जमलं तर मूठभर तिरफळं. व्यनि (खासगी निरोप) करते.