तक्रार दिल्यानंतर शिफ्ट बदलली, रेटिंग उतरवले, आता राजीनामा मागत आहेत

खाडीपलीकडे

नमस्कार. मी महापे एमआयडीसीतील साधारण साठ माणसांच्या एका कंपनीत चार वर्षे नोकरी करते आणि खारघरला राहते. माझ्या मॅनेजरविरुद्ध मी 4 डिसेंबरला अंतर्गत समितीकडे लैंगिक छळाची लेखी तक्रार दिली. चौकशी चालू आहे आणि समितीबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. अध्यक्षांनी दोन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतले. प्रश्न आहे तो समितीच्या खोलीबाहेर जे चालले आहे त्याचा. जानेवारीअखेर वार्षिक मूल्यांकन झाले, ते त्याच मॅनेजरने लिहिले, आणि तीन वर्षे पाचपैकी चार असलेले माझे रेटिंग दोनवर आले. 1 फेब्रुवारीला कॅन्टीनबाहेर लागलेल्या रोस्टरवर माझे नाव दिवसाच्या शिफ्टमधून काढून संध्याकाळी सात ते पहाटे चारच्या शिफ्टमध्ये टाकलेले होते. विचारल्यावर, "तुमची आणि त्यांची गाठ पडू नये म्हणून, तुमच्याच सोयीसाठी," असे उत्तर मिळाले. गेल्या मंगळवारी एचआरने बोलावून टेबलावर कोरा कागद सरकवला आणि राजीनामा लिहा, तारीख मोकळी ठेवा, अनुभवपत्र चांगले देऊ, असे सांगितले. विचार करून सांगते, एवढेच बोलून मी उठले.

याला कायद्यात काही उत्तर आहे, की निकाल लागेपर्यंत हे सोसत राहायचे? मला नोकरी सोडायची नाही.

तीन_हात_नाका

माझ्या माहितीप्रमाणे अशा वेळी जिल्हा पातळीवरच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तुम्ही खारघरला राहता, म्हणजे रायगड जिल्हा, म्हणजे अलिबाग गाठावे लागेल असे दिसते.

पारसिक

वरील उत्तरात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. खारघर रायगडमध्ये असले तरी महापे ठाणे जिल्ह्यात आहे आणि कामाचे ठिकाण कोणत्या जिल्ह्यात आहे ते पाहिले जाते, त्यामुळे अलिबागचा प्रश्नच येत नाही. शिवाय स्थानिक समिती ही मुख्यतः जिथे दहापेक्षा कमी माणसे असल्याने अंतर्गत समिती नाही, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, अशा ठिकाणांसाठी असते. तुमच्याकडे समिती आहे आणि ती काम करते आहे. म्हणून जे मागायचे ते आधी तिच्याकडेच मागावे.

मी काही कंपन्यांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते, त्या अनुभवावरून थोडे सविस्तर लिहिते. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात 'सूड' या नावाचे वेगळे कलम नाही आणि कंपन्यांचे सल्लागार नेमका त्याचाच फायदा घेतात. पण कलम 3 वाचले तर नोकरीत नुकसान करण्याची उघड किंवा आडून दिलेली धमकी, सध्याच्या किंवा पुढच्या नोकरीबद्दलची धमकी, कामात अडथळा आणणे आणि भीतीचे वातावरण तयार करणे, या गोष्टी लैंगिक वर्तनाशी जोडलेल्या असतील तर त्याही छळातच मोडू शकतात. म्हणून रेटिंग, रोस्टर आणि कोरा कागद या तिन्ही घटना तारखांसह पूरक निवेदनात लिहून त्याच समितीला द्याव्यात. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार देण्याची मुदत असते, तेव्हा निकालाची वाट पाहत बसू नये.

दुसरा अर्ज अंतरिम दिलासा मागणारा असावा आणि तो अधिक तातडीचा आहे. चौकशी चालू असताना तक्रारदार स्त्रीने लेखी मागणी केली, तर कलम 12 खाली समिती तिची किंवा समोरच्या व्यक्तीची बदली, तीन महिन्यांपर्यंतची रजा किंवा अन्य दिलासा सुचवू शकते, आणि समितीने शिफारस केली की मालकाला ती अमलात आणावीच लागते. याच कायद्याखालच्या नियमांतील नियम 8 तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचा अहवाल लिहिण्यापासून रोखून ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देण्याची शिफारस करता येते. तुमचे मूल्यांकन होऊन गेले आहे, तरी ते बाजूला ठेवून दुसऱ्या अधिकाऱ्याकडून पुन्हा करून घ्यावे, अशी मागणी करा. बदलीचा दिलासा तक्रारदाराने मागायचा असतो, हेही अर्जात ठळकपणे लिहा. तुम्ही न मागता तुम्हालाच हलवणे आणि त्याला तुमची सोय म्हणणे, हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार झाला.

रात्रपाळीबद्दल वेगळा मुद्दा आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोयही करावी लागते. माझी संमती नाही, असे ईमेलने आजच कळवा. नेमणूकपत्रात 'कोणत्याही शिफ्टमध्ये काम करेन' असे वाक्य आहे का, ते मात्र आधी पाहून घ्या, कारण कंपनी पहिल्यांदा तेच पुढे करील.

चौकशी 90 दिवसांत संपायला हवी, म्हणजे तुमच्या बाबतीत मार्चच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर दहा दिवसांत अहवाल मालकाकडे जातो, त्यावर साठ दिवसांत कारवाई व्हावी लागते आणि शिफारशी मान्य नसतील तर 90 दिवसांत अपील करता येते. कायदा मोडणाऱ्या मालकाला पहिल्या वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तो अनेक मॅनेजरांच्या महिन्याच्या पगाराहूनही कमी आहे, त्यामुळे त्याच्या धाकाने कंपनी सुधारेल अशी आशा मी तरी धरत नाही.

साकेत_पूल

ताई, मी सहा वर्षांपूर्वी अशाच कागदावर सही केली. तेव्हा वाटले, सुटले एकदाची. नंतर मी जेव्हा जेव्हा कुठे दाद मागायला गेले, तेव्हा समोरून 'त्यांनी स्वेच्छेने राजीनामा दिला' एवढे एकच वाक्य यायचे आणि ते खोडायला माझ्याकडे काहीही नसायचे. तारीख मोकळी ठेवलेला राजीनामा तर त्याहून वाईट, कारण ती तारीख त्यांच्या सोयीने तक्रारीच्या आधीचीही पडू शकते. मंगळवारच्या बैठकीत कोण होते, किती वाजता होते, काय बोलले गेले, हे एचआरलाच ईमेलने लिहून पाठवा आणि शेवटी 'मी राजीनामा देत नाही' असे स्पष्ट लिहा. उत्तर आले नाही तरी ईमेल नोंदीत राहतो. रोस्टरचा फोटो आणि जुन्या तीन वर्षांची रेटिंगपत्रे जपून ठेवा. पण ग्राहकांची माहिती असलेली कोणतीही फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, नाहीतर त्याच कारणावरून तुमच्यावरच शिस्तभंगाची नोटीस काढतील.

पारसिक

साकेत_पूल यांच्याशी पूर्ण सहमत. एक राहिले: चौकशीतील मजकूर आणि संबंधितांची ओळख प्रसिद्ध करण्यास कलम 16 ने मनाई आहे, त्यामुळे इथे कंपनीचे किंवा कोणाचेही नाव लिहू नका.

खाडीपलीकडे

सर्वांचे आभार. नेमणूकपत्र काढून पाहिले. त्यात शिफ्टचे वाक्य आहे, पण रात्रपाळीचा उल्लेख नाही. दोन्ही अर्ज सोमवारी अध्यक्षांच्या हातात दिले आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. संमती नसल्याचा ईमेल त्याच संध्याकाळी पाठवला, त्याला अजून उत्तर नाही. आज दुपारी जेवायला गेले तेव्हा कॅन्टीनबाहेरचे रोस्टर काढलेले दिसले, भिंतीवर नुसती चिकटपट्टी राहिली आहे. फोटो मी त्याच दिवशी काढून ठेवला होता.