ॲम्प्लिफायरमधला 'ग्राउंड' मराठीत लिहायचा कसा?

जुनाॲम्प: जुन्या ॲम्प्लिफायरमधल्या एलईडी लेव्हल मीटरला (आवाज किती ते दिव्यांनी दाखवतो तो) सप्लाय कसा द्यायचा, याचं टिपण भाच्यासाठी मराठीत लिहिलं. मीटरच्या ग्राउंडला 'अर्थ' म्हटलं, तर पठ्ठ्याने ती तार थेट थ्री-पिनच्या अर्थला नेली. ॲम्पला जोडलेला संगणक आधीच अर्थ केलेला, त्यामुळे वळसा पूर्ण झाला आणि स्पीकरमधून घूंऽऽ. त्याचं काय चुकलं? मी लिहिलं तेच त्याने केलं. आता ग्राउंडला काय लिहू?

सोल्डरवाला: 'मायनस' लिही. रिपेअरवाले तेच म्हणतात.

जुनाॲम्प: माझ्या ॲम्पला +३५ आणि −३५ असे दोन सप्लाय आहेत. मायनस वाचून तो −३५ पकडेल. मीटरमधल्या एलएम ३९१५ चिपची मर्यादा २५ व्होल्ट. धूर!

व्युत्पत्तीवेडी: पाठ्यपुस्तकात 'भूसंपर्कन' आहे की. 'अर्थ'ला मराठीत आधीच दोन अर्थ आहेत, पैसा धरून. तिसरा कशाला?

तारतम्य: सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरलाही ग्राउंड असतो. त्याचा भूशी संपर्क कुठे येतो? ग्राउंड म्हणजे फक्त ज्याच्यापासून बाकीचे व्होल्टेज मोजायचे तो बिंदू.

व्युत्पत्तीवेडी: मग 'शून्य'.

सोल्डरवाला: नको हो! वायरमन ते न्यूट्रल समजेल. शब्द शुद्ध राहील, माणूस जाईल.

निवृत्त मेकॅनिक: आम्ही आयुष्यभर 'बॉडी' म्हणालो. "ती तार बॉडीला मार." कुणी मेलं नाही.

जुनाॲम्प: काका, बॉडीला मारायचीच नाहीये. मीटरचा परतीचा करंट वेगळ्या तारेने मेन कपॅसिटरांच्या मधल्या जोडापर्यंत न्यायचाय. १० एलईडी, प्रत्येकी १० मिलिॲम्प, म्हणजे १०० मिलिॲम्प तबल्याच्या प्रत्येक थापेला चालू-बंद होणार. वाटेत सिग्नलशी ०.०५ ओहमची तार जरी सामाईक राहिली, तरी ५ मिलिव्होल्टची कटकट इनपुटात शिरते.

व्युत्पत्तीवेडी: सापडला! 'सामाईक'. सामाईक भिंत, सामाईक विहीर, सामाईक तार.

तारतम्य: अहो, तो सामाईक *नको* म्हणतोय.

व्युत्पत्तीवेडी: विहीर सामाईक, पोहरे वेगळे. यात न कळण्यासारखं काय आहे? आणि 'लेव्हल'ला 'पातळी' का नाही? पातळ पदार्थ भांड्यात जिथवर येतो ती पातळी.

तारतम्य: ही व्युत्पत्ती पोहऱ्यातूनच आली वाटतं. मीटरवाल्याला पातळी म्हटलं की तो पाण्याची टाकी समजतो.

निवृत्त मेकॅनिक: सप्लाय कुठून घेतलास ते कुणी विचारतच नाही. ३५ वरून १२ वर उतरवलंस तर १०० मिलिॲम्पला २.३ वॅट नुसते तापण्यात जातात.

जुनाॲम्प: ३५ ला हात लावला नाही. डायलच्या बल्बचं १२ व्होल्ट एसीचं वेगळं वाइंडिंग मोकळं होतं. एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजनंतर साधारण साडेपंधरा, पुढे १२ वर स्थिर ठेवणारा ७८१२. ते जमलं, काका. वाक्यच अडलंय.

व्युत्पत्तीवेडी: 'वाइंडिंग'ला 'वेटोळं' म्हणा.

सोल्डरवाला: आणि ट्रान्सफॉर्मरला वारूळ?

निवृत्त मेकॅनिक: डॉट मोडवर ठेव. एका वेळी एकच एलईडी पेटतो, १० मिलिॲम्पमध्ये काम होतं.

व्युत्पत्तीवेडी: 'डॉट'ला ठिपका की टिंब?

तारतम्य: टिंब म्हणजे अनुस्वार. ठिपका.

सोल्डरवाला: ठिपका रांगोळीचा.

जुनाॲम्प: तोवर टिपणात 'काळी तार' लिहिलंय. आता भाचा विचारतोय, दोन काळ्या आहेत, त्यातली कुठली?