ठोके वाढले म्हणजे कॅलरी जळल्या असं नाही
बसल्या जागी हृदयाचे ठोके मिनिटाला ९५ पडतात, म्हणजे कॅलरी आपोआप जास्त जळत असणार, असा तर्क काही जण मांडतात, तो मला पटत नाही. व्यायामात ठोके वाढतात ते स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो म्हणून. जादा कॅलरी जळतात त्या स्नायूंच्या कामामुळे. चहा, काळजी, अपुरी झोप, अंगात रक्त कमी असणं यांनीही नाडी धावते. (थायरॉईड ग्रंथीचं काम प्रमाणाबाहेर वाढलं तर वजन खरंच उतरतं, पण तो आजार आहे!) सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. ६० ते १०० सर्वसाधारण. रोजच शंभरीपार जात असेल तर डॉक्टरांना दाखवा. ईसीजी, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बघतील. सोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा भोवळ आली, तर मात्र वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन करा.